राज्य तुमच्यावर घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा साडेचार वर्षांचा. दात घासणं, आंघोळ, कपडे, बूट, झोपणं, प्रत्येक ठिकाणी लढाई. 'खेळीमेळीने करून घ्या' असं कुठेतरी वाचलंत, ब्रशचं विमान केलंत, दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी त्याने तोंड घट्ट मिटलं आणि तुमचा पारा नेहमीपेक्षाही वर चढला. आता तुम्ही विचारताय की चुकलं काय, आपला स्वभावच खेळकर नसेल तर काय करायचं, आणि प्रत्येक गोष्टीचा खेळ केला तर पोरगा लाडावणार नाही का.

गेली बावीस वर्षं मी लहान मुलं आणि त्यांचे आईबाबा यांच्यासोबत जमिनीवर बसून काम करते. हे तिसऱ्या दिवशीचं विमान मी असंख्य वेळा कोसळताना पाहिलंय. माझ्या घरीही कोसळलंय. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

ते विमान तुमचं होतं. वैमानिक तुम्ही, वेळ तुमची, उतरण्याचं ठिकाणही आधीच ठरलेलं. मुलाच्या वाट्याला फक्त तोंड उघडणं आलं. पहिले दोन दिवस नवल होतं म्हणून खपून गेलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की हा कालचाच हुकूम आहे, फक्त त्याला पंख लावलेत. माझी मुलगी सहा वर्षांची असताना मी तिला असंच गोड आवाजात काहीतरी सुचवलं, तर ती शांतपणे म्हणाली, "आई, तू आत्ता तुझं ते कामातलं करतेयस ना?" मी गप्प. तुमच्या मुलाला हे बोलून दाखवता येत नाही, म्हणून त्याने तोंड मिटलं.

आणि तुमचा पारा जास्त का चढला? कारण मनात कुठेतरी सौदा होता. मी एवढं हसून-खेळून केलं, आता तू ऐकायलाच हवं. हा सौदा त्याला माहीतच नव्हता.

पकडापकडी किंवा लपाछपी खेळताना आपण म्हणतो, 'राज्य कोणावर?' मोठेपणी हा शब्द आपण विसरतो, पण त्यातली गंमत बघा. बाहेरच्या जगात राज्य असणं म्हणजे सत्ता असणं. खेळात ज्याच्यावर राज्य येतं, त्याने डोळे मिटून उभं राहायचं, शोधत फिरायचं, बाकीच्यांनी त्याला चकवायचं. सत्ता तिथे उलटी होते. साडेचार वर्षांच्या मुलाचा दिवस आठवा: ऊठ, बस, हे घाल, तिथे जाऊ नकोस, हात धू, लवकर आटप, आता झोप. दिवसभर राज्य आपलं. खेळकर पालकत्वाबद्दल मला जे सांगायचंय ते इतकंच आहे, की दिवसातून काही वेळा खेळातलं राज्य आपल्यावर घ्यायचं. हरायचं, चुकायचं, बावळट व्हायचं आणि त्याला वरचढ होऊ द्यायचं. बाकी युक्त्या याच्या पोटात येतात.

हे जमतं तेव्हा कसं दिसतं ते सांगते.

एक बाबा आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. तास संपला होता, बूट घालून निघायचं होतं. ती भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसलेली. बाबांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्यांनी एक उसासा टाकला, तिचा बूट उचलला, उलटसुलट करून न्याहाळला आणि स्वतःच्या कानाला लावला. "हॅलो? कोण बोलतंय? जरा मोठ्याने बोला हो, ऐकू येत नाही." ती हसली नाही. डोळे मात्र वळले. "अच्छा, पाय हवाय? कोणाचा पाय?"

"तो फोन नाहीये," ती म्हणाली.

"मग?"

"बूट आहे."

"बूट! मग सांगायचं ना." असं म्हणून त्यांनी तो डोक्यावर ठेवला. तो घरंगळून पडला आणि ती खुदकन हसली. मग कोपरावर घालून पाहिला. "नाही!" मग नाकावर. "ना-ही!" सकाळपासून ती हेच म्हणत होती, आंघोळीला नाही, निघायला नाही, आणि प्रत्येक वेळी बोलणी खात होती. आता त्याच 'नाही'ला पहिल्यांदा जागा मिळाली होती. शेवटी तिने बूट हिसकावला, "बाबा, तुला काहीच येत नाही," असं म्हणत पायात घातला. डावा उजव्यात. बाबांनी सांगायला तोंड उघडलं, मी भुवई उंचावली, त्यांनी तोंड मिटलं. दारापर्यंत गेल्यावर ती आपणहून थांबली, "टोचतंय" म्हणाली आणि बसून बदलून घातला.

सगळं मिळून चारेक मिनिटं. ओढाताणीत दहा गेली असती आणि वर रडणं झालं असतं ते वेगळंच. पण वेळ वाचतो म्हणून हे करायचं असं मात्र मनात धरू नका, नाहीतर पुन्हा तोच सौदा. त्या बाबांच्या हातून जे घडलं त्यातला मोलाचा भाग म्हणजे बूट पायात गेला नसता तरी ते कानाला लावून बोलत राहिले असते. मुलीला ते जाणवलं.

आता तुमच्या स्वभावाबद्दल. 'मी मुळात गंभीर माणूस आहे' हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. खेळकर असण्यासाठी विनोदी असावं लागत नाही, नकला याव्या लागत नाहीत. एकच गोष्ट लागते: आपण आत्ता खेळतोय हे समोरच्याला स्पष्ट कळायला हवं. १९५० च्या दशकात ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाने प्राणिसंग्रहालयातल्या माकडांची लुटुपुटीची मारामारी पाहून हा मुद्दा मांडला. चावल्यासारखं करायचं, पण त्याच वेळी 'हे चावणं खरं नाही' हेही कळवायचं. हा इशारा पोचला नाही तर खेळाचं भांडण होतं. गंभीर स्वभावाच्या पालकांचं नेमकं इथे अडतं. चेहरा तसाच, आवाज तसाच आणि तोंडातून वाक्य, "वा, आज तर साहेब आंघोळच करणार नाहीत वाटतं." याला आपण विनोद समजतो. साडेचार वर्षांच्या मुलाला उपरोध धड कळत नाही, त्यातला डंख मात्र कळतो. म्हणून इशारा ठळक ठेवा: डोळे मोठे, आवाज बदललेला, हालचाल गरजेपेक्षा संथ किंवा गरजेपेक्षा धांदलीची. सुरुवातीला स्वतःचीच लाज वाटते. वाटू द्या.

ज्यांना हेही जड जातं त्यांना मी नाटक करायला सांगतच नाही. त्यांच्यासाठी रोजची पाच मिनिटं. पालक-मूल संबंधांवर काम करण्याची एक उपचारपद्धत शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात उभी केली, तिच्यात घरचा अभ्यास म्हणून रोज पाच मिनिटांचा असा खेळ असतो. नियम ऐकायला सोपे आहेत. खेळ मूल निवडणार. तुम्ही हुकूम द्यायचा नाही, चूक काढायची नाही आणि प्रश्नही विचारायचे नाहीत. हे तिसरं सगळ्यांना अवघड जातं. 'हा कोणता रंग?', 'किती ठोकळे झाले?' असं आपण सवयीने विचारतो, आणि खेळाची परीक्षा होते. त्याऐवजी जे दिसतंय ते बोलायचं. "तू लाल ठोकळा वर ठेवलास. आता तो डुगडुगतोय." बस. फोन दुसऱ्या खोलीत. आणि त्या दिवशी त्याने कितीही उच्छाद मांडलेला असला तरी ही पाच मिनिटं कापायची नाहीत, कारण ती बक्षीस म्हणून दिलेली नाहीत.

खरं सांगायचं तर ही पाच मिनिटं पुष्कळदा कंटाळवाणी असतात. तीच गाडी तोच बोगदा वीस वेळा पार करते. तुम्हाला कंटाळा आला म्हणजे काही चुकतंय असं नाही. मी स्वतः गजर लावून बसायचे.

मुलाला भूमिका देणं हा तुमच्यासारख्यांना जमेल असा दुसरा रस्ता, कारण यात नाटक तो करतो. लेव व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये खेळाबद्दल जे मांडलं त्याचा सारांश असा की खेळात मूल आपल्या वयापेक्षा मोठं होऊन वागतं, कारण भूमिकेचे नियम ते आपखुशीने पाळतं. पुढे सोव्हिएत संशोधक मनुइलेंको यांनी हे तपासलं. लहान मुलांना नुसतं 'हलू नकोस' सांगितलं तर ती लगेच चुळबुळू लागायची. पहारेकरी व्हायला सांगितलं तर त्याहून बराच जास्त वेळ ताठ उभी राहायची. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना संगणकावरचं एक कंटाळवाणं काम दिलं होतं. ज्यांना 'तू बॅटमॅन आहेस' अशा धर्तीची भूमिका दिली, ती मुलं 'मी'च्या भाषेत स्वतःकडे पाहणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वेळ टिकली. तेव्हा 'कपडे घाल'च्या ऐवजी 'आज कपडे कोण घालणार, तू की अंतराळवीर?' एवढं विचारून पाहा. भूमिका मात्र त्याने निवडू दे. तुम्ही अंतराळवीर म्हणालात आणि तो गोगलगाय झाला, तर त्या दिवशी उशीर होणार, हे गृहीत धरा.

इथे एक फरक सांगून ठेवते, कारण फार लोक गल्लत करतात. भिंतीवरचा तक्ता, रोज एक स्टिकर, दहा स्टिकरांवर खेळणं: याला खेळ म्हणू नका. ते वेतन आहे. १९७३ मधला एक प्रयोग आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून चित्रांसाठी प्रशस्तिपत्रक दिलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. आवडीच्या गोष्टीला मोबदला लागला की आवड उतरते. तक्ता कधीच वापरू नये असं मी म्हणत नाही. एखादी मुळातच नकोशी सवय लावताना काही आठवडे तो चालतो. पण ज्यात मुलाला आपोआप मजा येतेय तिथे तो लावू नका.

कोणता खेळ खेळू, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो. मी खेळांची यादी देत नाही. मूल कुठे अडतंय ते बघायचं आणि त्याच गोष्टीला खेळात उलटं करायचं. सोडून जाताना रडणाऱ्या मुलाबरोबर लपाछपी, ज्यात तुम्ही त्याच्याशिवाय अगदी सैरभैर होता. "कुठे गेलं माझं पिल्लू, पडद्यामागे नाही, कपाटात नाही, आता मी काय करू?" तो पडद्यामागून खिदळत हे ऐकत असतो. दुरावणं आज त्याच्या हातात आहे. तान्ह्या बाळांना बुवाकुक इतकं का आवडतं त्याचंही मूळ इथेच. चेहरा जातो आणि हमखास परत येतो. सुईला घाबरणाऱ्या मुलाला डॉक्टर करायचं आणि आपण ओरडायचं, पण अति नाही, नाहीतर सुई खरंच भयंकर असते असं तो समजेल. भावंडं सारखी भांडत असतील तर दोघांची एक टोळी करून दोघांनी मिळून तुम्हाला पाडायचं. आणि जो सारखा मारतो, ढकलतो, त्याच्याशी गादीवर कुस्ती.

कुस्तीबद्दल थोडं सविस्तर, कारण नीट केली तर फार उपयोगी आणि चुकली तर तितकीच वाईट. उशा पसरा, टोकदार वस्तू बाजूला करा, चष्मा काढा. ताकद त्याच्यापेक्षा कणभर जास्त लावा, म्हणजे त्याला झटावं लागेल, आणि मग हरा. लुटुपुटीचं हरणं त्याला ओळखू येतं तरी आवडतं. एक शब्द ठरवा, तो उच्चारला की दोघांनी जागच्या जागी थांबायचं. 'टाइमप्लीज' त्याला माहीतच असेल. आणि तो शब्द त्याने गंमत म्हणून दहा वेळा वापरला तर दहाही वेळा थांबा. आपल्या एका शब्दाने एवढा मोठा माणूस थांबतो, हाच त्याच्यासाठी खेळ होतो.

गुदगुल्या मात्र मी शक्यतो टाळायला सांगते. गुदगुल्यांचं हसू शरीर काढतं, मुलाला नको असतानाही ते येतं. "बघा कसा हसतोय" म्हणून आपण चालूच ठेवतो आणि तो आतून घुसमटतो. करायच्याच असतील तर दोन सेकंद करून हात मागे घ्या. तो हाताकडे परत येतो का बघा. याक पँकसेप या मेंदूसंशोधकाच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस असं दिसलं की गुदगुल्या केल्या की उंदीर सुमारे ५० किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्या कानांना ऐकूच येणार नाही असा चिवचिवाट करतात आणि पुन्हा त्या हाताच्या मागे धावतात. खेळाची मी लावते ती कसोटी हीच आहे. हसू आलं का, यापेक्षा मूल परत आलं का.

हरण्या-जिंकण्याबद्दल पालकांच्या मनात फार गोंधळ असतो. 'मी नेहमी हरलो तर त्याला हार पचवायला कधी येणार?' कुस्ती, लपाछपी, बूट-फोन हे एका जातीचे खेळ. इथे तुम्ही बिनदिक्कत हरा. सापशिडी, पत्ते असे नियमांचे खेळ दुसऱ्या जातीचे. झाँ पियाजे हा स्विस मानसशास्त्रज्ञ गोट्या खेळणाऱ्या मुलांमध्ये बसून नियम विचारायचा. त्याला दिसलं की लहान मुलं एकत्र बसलेली असली तरी प्रत्येक जण आपल्याच नियमाने खेळतो आणि सगळेच जिंकतात. तेव्हा साडेचार वर्षांचा तुमचा मुलगा फासा पुन्हा टाकतो, साप दिसला की 'हा साप झोपलाय' म्हणतो, ती लबाडी समजू नका. झोपू द्या सापाला. सात-आठाच्या आसपास नियम सगळ्यांसाठी सारखा असतो हे नीट पटू लागतं. तेव्हा डाव मांडताना विचारायचं, "आज मी खरं खेळू की लिंबूटिंबू?" मुलं फार प्रामाणिक उत्तर देतात. थकलेल्या दिवशी लिंबूटिंबू मागतात, बऱ्या दिवशी म्हणतात, खरं खेळ.

आता लाडावण्याची भीती. खेळकरपणा आणि ढिलेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दात घासायचेच. साधारण सात वर्षांपर्यंत मुलाचे हात नीट दात घासण्याइतके सराईत नसतात, मोठ्या माणसाने मदत करायचीच, त्यात मतदान नाही. वाटाघाटीला वाव आहे तो फक्त 'कसे' यात. लाडावतं ते मूल, ज्याला आज खेळून दात घासायला लावलं, उद्या खेळ फसला म्हणून न घासताच झोपवलं आणि परवा ओरडून घासले. खेळ फसला तर साधं सांगा, "आज खेळ जमला नाही. दात तरी घासायचेत. मी मदत करते." तो रडेल. रडू दे, जवळ थांबा, काम पुरं करा. आठवड्यातून एखाद्या दिवशी असं होणारच, त्यावरून सगळं फसलं असा निष्कर्ष काढू नका.

काही वेळी तर खेळ काढूच नये. मूल हमसून रडत असताना त्याला हसवायला जाणं म्हणजे 'तुझं रडणं मला नको' असं सांगणं. आधी रडू द्यायचं. रस्ता, आग, पाणी, वीज इथे खेळ नाही, तिथे सरळ आवाजात 'थांब'. आणि तुम्हाला खरा राग आलेला असेल तेव्हाही नाही. दात-ओठ खात केलेला वाघ हा खराच वाघ वाटतो. त्या वेळी "मला राग आलाय, मी दोन मिनिटं तिकडे बसते" हे जास्त बरं.

तुमच्या ब्रशकडे परत येते. विमान सोडून द्या. आज रात्री ब्रश त्याच्या हातात द्या आणि तुमचा ब्रश घेऊन आरशासमोर उभ्या राहा. तुमचा ब्रश कपाळावर फिरवा. पुढे हनुवटीवर. "दात कुठे ठेवले मी?" तो दाखवेल किंवा दाखवणार नाही. दाखवले तर त्याला तुमचे दात घासू द्या. हो, खरोखर. तुमच्या हिरड्यांना थोडं लागेल. मग पाळी त्याची, आणि त्यात पंधरा सेकंद तो स्वतः, उरलेलं तुम्ही. चार-पाच दिवसांनी त्याला याचाही कंटाळा येईल. तेव्हा नवीन काय, हे त्यालाच विचारा. या वयाच्या मुलांकडे कल्पनांचा तुटवडा नसतो आणि खेळ त्याचा असला की तो जरा जास्त टिकतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की रात्री नऊनंतर अंगात त्राण उरत नाही, अशा वेळी कसलं खेळायचं. त्यासाठी मी डॉक्टर-पेशंट सुचवते. डॉक्टर तो. तुम्ही फार आजारी आहात, उठायची, हलायची, बोलायची मनाई आहे. पांघरूण घेऊन डोळे मिटून पडा आणि अधूनमधून कण्हा. आम्ही घरी हा खेळ वर्षभर खेळलो. कित्येकदा डॉक्टर तपासता तपासता शेजारी झोपून जायचे.